मूत्रपिंडविकारतज्ज्ञांचे वाचन

१८७५ साली कॅनडातील माँट्रियल येथे विल्यम ऑस्लर या तरुण अध्यापकाने, एकट्याला न परवडणारी वैद्यकीय नियतकालिके मिळून मागवावीत व वाचावीत, या हेतूने एक मंडळ सुरू केले. आज वैद्यकीय महाविद्यालयांत ‘जर्नल क्लब’ म्हणून रूढ असलेल्या प्रथेचे मूळ बहुधा तेथे शोधले जाते. मूत्रपिंडविकाराच्या क्षेत्रात तिची खरी कसोटी शतकानंतर लागली.

मूत्रपिंडे निकामी झाली की एरिथ्रोपोएटिन हे रक्तवर्धक संप्रेरक पुरेसे निर्माण होत नाही व रोगी पांढराफटक पडतो. १९८९ मध्ये अमेरिकेत ते औषधरूपाने मान्य झाले आणि वारंवार परक्याचे रक्त घेण्याची पाळी बऱ्याच अंशी टळली. हा उपकार थोरच. पण त्यातून एक मोह जडला : रक्त थोडे वाढल्याने इतके बरे वाटते, तर ते निरोगी माणसाइतके का करू नये? रुग्णालयांच्या नोंदीही तेच सुचवीत होत्या.

१९९८ मध्ये बेसराब व सहकाऱ्यांनी हृदयविकार असलेल्या १,२३३ डायलिसिस-रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. कोण कोणत्या गटात, हे दैवावर सोडलेले. एका गटात तांबड्या पेशींचे प्रमाण शेकडा ४२ वर न्यायचे, दुसऱ्यात ३० वर राखायचे. पहिल्यात १८३ मृत्यू झाले, दुसऱ्यात १५०. हा फरक निर्विवाद ठरण्याइतका नव्हता. पण लाभाची आशा मावळल्याने चाचणी मुदतीपूर्वीच थांबवली गेली. मौज अशी, की प्रत्येक गट स्वतंत्रपणे पाहिला तर ज्यांचे रक्त अधिक, त्यांचे मृत्यू कमीच होते! ज्याची प्रकृती मुळात धड, त्याचे रक्त सहज वाढते. ते आरोग्याची खूण असते, कारण नव्हे. हे अंतर न जाणणारा वाचक तोच निबंध हाती घेऊन उलट उपचार करील. तसे घडलेही. पुढील काही वर्षे अमेरिकेतील रोग्यांचे सरासरी हिमोग्लोबिन चढतच राहिले. २००९ मध्ये ४,०३८ मधुमेही रोग्यांच्या चाचणीत औषधाच्या गटात १०१ जणांना पक्षाघात झाला, दुसऱ्यात ५३ जणांना. मोह मग ओसरत गेला.

नेहरू नगरात जमलेल्या आपणा भोपाळकरांना असा वाद परका नाही. १९८४ च्या वायुकांडानंतर सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही, यावरून डॉक्टरांत तट पडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८५ च्या आरंभी रीतसर चाचणी घेऊन अनुकूल कौल दिला, तरी तो वाद मिटला नाही. इंजेक्शनाची वाट पाहणारे मात्र रांगेतच होते.

पदवी मिळेपर्यंत जर्नल क्लब चुकत नाही. पुढे उरतात ती व्याख्यानांना हजर राहून मिळणारी श्रेयांकांची प्रमाणपत्रे. त्यांत बसलेले तास मोजले जातात, निबंध कसा वाचला हे नव्हे. आपल्याकडे मूत्रपिंडाच्या इंजेक्शनांचा खर्च पुष्कळदा रोग्याच्या घरच्यांनाच सोसावा लागतो. तो किती व कशासाठी, हे डॉक्टरांच्या त्या वाचनावर ठरते.