हापशातला वायसर आणि सिरिंजचा दट्ट्या

धुळे जिल्ह्यात साक्रीकडे किंवा जळगावात पारोळ्याच्या बाजूला एखाद्या वस्तीवर हापसा पाहायला मिळतो. काही दिवस तो नीट चालतो, मग तक्रार सुरू होते. दांडा हलतो, आवाजही नेहमीचाच येतो, पण कळशी भरायला दुप्पट वेळ लागतो. गावातले कुणीतरी निदान करते, ‘वायसर गेला.’ हे निदान बहुधा बरोबर असते. जमिनीखाली तीस मीटरवर बसलेली, तळहाताएवढीही नसलेली एक वाटी झिजलेली असते आणि तेवढ्यामुळे बायकांना पुन्हा दूरच्या विहिरीची वाट धरावी लागते.

या वाटीपुढचा प्रश्न आणि दवाखान्यातल्या सिरिंजच्या दट्ट्यापुढचा प्रश्न एकच आहे. नळीत दट्ट्या घट्ट बसला तर द्रव निसटत नाही, पण तो सरकायला जड जातो. सैल बसला तर सहज सरकतो आणि गळतो. होळीची बांबूची पिचकारी करताना काठीला चिंधी किती गुंडाळायची, हे ज्यांनी स्वतः ठरवले आहे त्यांना हा पेच वेगळा सांगायला नको.

हापशाचा इतिहास महाराष्ट्रातून जातो, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. १९६० नंतरच्या दशकात खेड्यांत बसवलेले बहुतेक हातपंप बिडाचे होते. युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या शेतकरी कुटुंबापुरत्या पंपाच्या त्या नकला होत्या. अख्खे गाव दिवसभर त्यांच्यावर पाणी काढू लागले तेव्हा ते मोडणारच होते. दख्खनच्या काळ्या पाषाणात विंधनविहिरी घेणाऱ्या मंडळींनी जालन्याला आणि पुढे सोलापूरला पोलादी पंप बनवले. त्यात अनेक सांध्यांऐवजी एकच मजबूत सांधा होता. यातूनच १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला. भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासचे अभियंते त्यात सहभागी होते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती.

या पंपाच्या दांड्याला वर्तुळखंडाच्या आकाराचा पोलादी तुकडा असतो आणि त्यावरून साखळी जाते. त्यामुळे खालच्या सळ्या वाकड्या न ओढल्या जाता सरळ वर येतात. पाहणाऱ्याला ही दांड्याची सोय वाटते, परंतु तिचा फायदा खालच्या वायसरलाही होतो. दट्ट्या तिरका ओढला गेला की वाटीची एकच कड झिजते आणि तेथून पाणी निसटू लागते.

आता थोडे गणित करू. पंपाच्या सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस सेंटिमीटर. पाणी ३० मीटर वर उचलायचे तर दर चौरस सेंटिमीटरवर ३ किलोग्रॅम भार येतो, म्हणजे एकूण जवळजवळ ९५ किलो. दांड्याची तरफ सुमारे आठपट असल्याने हाताला साधारण १२ किलो लागतात. सळ्यांचे वजन आणि घर्षण यांचा भार वेगळा. आता दोन मिलिलीटरची सिरिंज घ्या. तिचा आतला व्यास सुमारे ९ मिलिमीटर आणि क्षेत्रफळ ०.६४ चौरस सेंटिमीटर धरू. अंगठ्याने एक किलोचा जोर दिला तर आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या वर जातो. म्हणजे नर्सच्या अंगठ्याखाली सुमारे पंधरा मीटर खोल हापशाएवढाच दाब असतो! हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.

हापशातली पहिली वाटी चामड्याची होती. तिची युक्ती सुंदर आहे. वाटीचे तोंड वर असते. दट्ट्या वर येताना पाण्याचा दाब वाटीच्या कडा बाहेर, पितळी अस्तरावर दाबतो. दाब जास्त तेवढी पकड जास्त. खाली जाताना दाब नाहीसा होतो, कडा सैलावतात आणि दट्ट्या सहज उतरतो. जेव्हा घट्टपणा लागतो तेव्हाच तो मिळतो. दोष चामड्याचा होता. प्रत्येक तुकड्याची जाडी आणि पोत निराळे. कोरडे पडले की आकसते. पाण्यातली वाळू त्यात रुतून बसते आणि पितळेला घासत राहते. १९८३ पासून कोइमतूर भागात झालेल्या प्रत्यक्ष चाचण्यांत चामड्याऐवजी नायट्राइल रबराच्या वाट्या वापरून पाहिल्या गेल्या आणि त्या अधिक टिकल्या. पुढे ‘मार्क थ्री’मध्ये उभा नळही रुंद, ६५ मिलिमीटरचा केला, त्यामुळे सगळे नळ वर न काढता दट्ट्या बाहेर काढता येऊ लागला. माझ्या मते रबराइतकीच ही दुसरी सुधारणा मोलाची आहे. वायसर कधी ना कधी झिजणारच. तो बदलायला तालुक्याहून गाडी यावी लागते की गावातला माणूस पुरतो, यावर पाणी किती दिवस बंद राहील हे ठरते.

सिरिंजनेही सुरुवात चामड्यापासूनच केली. १८५३ साली फ्रान्समध्ये प्रावाझ आणि एडिंबरोत अलेक्झांडर वुड यांनी आपापल्या सिरिंज वापरल्या. जंतूंचे ज्ञान वाढले तेव्हा चामड्याची पंचाईत झाली, कारण उकळले की ते कडक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या ल्यूअर कंपनीने संपूर्ण काचेची सिरिंज आणली. तिच्यात वायसर नव्हताच. काच काचेत इतकी बारीक घासून बसवलेली असे, की मधली फट औषधाचाच पातळ थर बंद करी आणि तोच वंगणाचे कामही करी. अशा जुन्या सिरिंजच्या नळीवर आणि दट्ट्यावर एकच क्रमांक असे. उकळताना जोड्या बदलल्या की एक दट्ट्या अडके आणि दुसरा गळे.

आजच्या प्लास्टिकच्या सिरिंजमधला काळा रबरी दट्ट्या नळीपेक्षा किंचित मोठा असतो आणि दाबून बसवलेला असतो. त्यामुळे हापशाच्या वाटीसारखी त्याला सुटका नाही. घर्षण सदैव राहते. म्हणून त्याच्या अंगावर दोन-तीन कडा ठेवतात. नळीला फक्त त्याच टेकतात. वंगण म्हणून नळीच्या आत सिलिकोन तेलाचा पातळ थर असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो दर चौरस सेंटिमीटरला ०.२५ मिलिग्रॅमहून जास्त नसावा. आपल्या दोन मिलिलीटरच्या सिरिंजला हे फार तर दोनेक मिलिग्रॅम झाले. तेल जास्त झाले तर ते औषधात उतरते. कमी पडले तर दट्ट्या अडतो आणि मग एकदम सुटतो, लहान मुलाच्या दंडात सुई असताना.

हे वर्गात पाहता येते. दहा मिलिलीटरची, सुई नसलेली नवी सिरिंज तोंड वर करून उभी बांधा. दट्ट्याला पिशवी टांगून तिच्यात थोडी थोडी वाळू घाला. दट्ट्या सुटेल तेव्हा वाळू तोला. मग हलत्या दट्ट्याला किती वाळू पुरते ते पाहा. ती कमी भरेल. दट्ट्या एका जागी रात्रभर ठेवून पुन्हा मोजा. रबराच्या कडांखालचे तेल हळूहळू बाहेर ढकलले जाते, म्हणून साठवणीत पडून राहिलेली सिरिंज पहिल्या क्षणी जड जाते. शेवटी साबणाने धुऊन, वाळवून पाहा. एखादा विद्यार्थी खोबरेल तेल सुचवेलच. लावू द्यावे. त्या दिवशी दट्ट्या छान सरकेल. नंतर काही दिवस तेल रबरात मुरू द्या आणि मुलांना दट्ट्याचा व्यास पुन्हा मोजायला सांगा.