शिकारी रिव्हॉल्वर आणि अष्टमांश इंच

वाघाच्या शिकारीला हत्तीवरून निघणारे इंग्रज साहेब अखेरचा उपाय म्हणून जाड नळीचे ‘हौदा पिस्तूल’ जवळ ठेवीत. पण तो जीव वाचविण्याचा मामला होता. एका हातात मावणाऱ्या शस्त्राने मुद्दाम मोठे जनावर मारावयाचे, ही हौस प्रामुख्याने अमेरिकेने वाढविली. आमच्या मते तिचा इतिहास हा बळ वाढविण्यापेक्षा बळ आवरण्याचाच इतिहास आहे.

१८४७ साली कॅप्टन सॅम्युएल वॉकर यांच्या सूचनांवरून सॅम्युएल कोल्ट यांनी जे रिव्हॉल्वर घडविले, ते लढाईसाठी होते. वजन सुमारे साडेचार पौंड. सहा घरांच्या फिरत्या चक्रात दर घरास साठ ग्रेनपर्यंत काळी दारू. त्या काळच्या लोखंडाला हा भार झेपेना. कित्येक चक्रे फुटली आणि पुढच्या नमुन्यात दारू कमी करावी लागली.

काळ्या दारूची आणखी एक खोड होती. बार उडाल्यावर नळीत राहणारे कीट हवेतील ओल शोषते आणि पोलादाला गंज चढतो. म्हणून मालकाने त्याच संध्याकाळी शस्त्र उकळत्या पाण्याने धुवावे, कोरडे करावे, तेल द्यावे, असा रिवाज होता. पुढे धूररहित दारू आली, तरी काडतुसाच्या बुडाशी असलेल्या स्फोटक टिकलीतून दीर्घकाळ क्षारच उरत असे. पाण्याची बादली काही सुटली नाही.

आता एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांच्याकडे वळू. आयडाहोतील हे गुरांचे मालक, शिकारीचे वाटाडे आणि लेखक. विसाच्या दशकात त्यांनी जास्त दारू भरल्याने त्यांचे .४५ कोल्ट फुटले. त्यातून त्यांनी नेमका बोध घेतला: भोक मोठे म्हणजे घराची भिंत पातळ. १९०७ साली आलेल्या .४४ स्पेशलमध्ये भोक किंचित लहान, म्हणून भिंत जाड. तेव्हा कीथ यांनी त्यात २५० ग्रेनची गोळी व भारी बार वापरून शिकार केली आणि कारखानदारांमागे वर्षानुवर्षे लकडा लावला.

अडचण खरी होती. असले काडतूस बाजारात आले आणि कोणी ते जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घातले, तर हात जायचा! १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन यांनी .४४ मॅग्नम आणले, त्यात तोड मोठी साधी होती. काडतुसाची नळी अष्टमांश इंचाने लांब केली. ती जुन्या घरात बसतच नाही. उलट जुने आखूड काडतूस नव्या रिव्हॉल्वरमध्ये खुशाल चालते.

हे चालणे महत्त्वाचे, कारण नव्या बाराचा धक्का जबर. रिव्हॉल्वर सुमारे तीन पौंडांचे, गोळी २४० ग्रेनची. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढतानाच हात दचकतो, नेम चुकतो आणि जखमी जनावर झाडीत जाऊन तडफडत मरते. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटानंतर ज्यांनी हे शस्त्र निव्वळ मिरविण्यासाठी घेतले, त्यांच्याविषयी आम्हांस आदर नाही. सरावासाठी शहाणा मालक हलकी काडतुसेच वापरतो. मात्र आखूड काडतुसाच्या तोंडापुढे त्या अष्टमांश इंचात काजळीचे कडे साचते. ते ब्रशने घासून काढले नाही, तर ऐन जंगलात मॅग्नम अर्ध्यावर अडते आणि चक्र फिरत नाही. सुरक्षेसाठी ठेवलेले अंतर असे साफसफाईचा हिशेब मागते.

२००३ साली स्मिथ अँड वेसनने .५०० मॅग्नम काढले. त्याच्या लांब नळीच्या नमुन्याचे वजन पुन्हा साडेचार पौंड, म्हणजे थेट वॉकर यांच्या कोल्टइतके. घरे मात्र सहा नाहीत, पाचच आहेत. भिंती जाड ठेवावयाच्या होत्या.