ऋतुचित्र आणि ऋतुकाव्य

निसर्गकवितेचे मूळ कवीच्या प्रत्यक्ष निसर्गानुभवात असते, हे मराठी समीक्षेतील रूढ गृहीत जपानी ऋतुचित्रांच्या इतिहासापुढे टिकत नाही. हेइआन काळात (७९४–११८५) दरबारी दालनांत ‘ब्योबू’ म्हणजे घडीचे पडदे उभारीत. शब्दाचा अर्थच मुळी वाऱ्याचा आडोसा. त्यांवर चार ऋतूंची वा बारा महिन्यांची दृश्ये रंगवीत आणि त्या दृश्यांसाठी कवींकडून कविता रचून घेत. कि नो त्सुरायुकी याने अशी पुष्कळ रचना केली. या कवीसमोरचा बहर चित्रातला असे. अनेकदा चित्रातील व्यक्तीच्या मुखानेच तो बोले. आपल्याकडील बारहमाशाचा क्रम उलट आहे : केशवदासाच्या ‘कविप्रिये’तील (१६०१) काव्य आधी, त्यावरची राजस्थानी व पहाडी चित्रे नंतर. हेइआनकालीन पडदे बहुतेक नष्ट झाले. कविता उरल्या, आणि हरवलेल्या चित्रांची कल्पना आज बव्हंशी त्यांच्याच आधारे करावी लागते. अशा कवितेला अनुभवाच्या अस्सलपणाची कसोटी लावली, तर तिचे मर्मच निसटते. येथे संकेत हीच अनुभवाची पूर्वअट आहे. ऋतू पाहायलाही शिकावे लागते. ‘ऋतुसंहारा’च्या वाचकाला हे नवे वाटू नये.