‘युयुत्सु’ शब्दाचा अर्थ आणि आपले बिरुद

कुर्ला येथील आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेवर ‘लढाऊ ज्ञाती’ असे बिरुद छापावे, अशी सूचना काही तरुण सभासदांनी मोठ्या उत्साहाने केली आहे. त्यांचा ज्ञात्यभिमान कौतुकास्पद आहे. तथापि जे बिरुद धारण करावयाचे, त्याचा अर्थ आधी पारखून घ्यावा, हे आम्हांस उचित वाटते.

लढण्याची उत्सुकता दर्शविणारा संस्कृत शब्द ‘युयुत्सु’ हा होय. ‘युध्’ म्हणजे लढणे, या धातूच्या इच्छादर्शक रूपापासून तो सिद्ध झाला आहे. जिज्ञासू आणि मुमुक्षू हे शब्दही याच घडणीचे. जिज्ञासू म्हणजे ज्ञानी नव्हे, ज्ञानाची इच्छा धरणारा. मुमुक्षू म्हणजे मुक्त नव्हे, मोक्षाची इच्छा धरणारा. त्याचप्रमाणे युयुत्सु म्हणजे वीर नव्हे, केवळ युद्धाची इच्छा धरणारा. आपल्या मराठीनेही हा भेद राखला आहे. लढवय्या, झुंजार ही विशेषणे आपण आदराने योजतो; परंतु अमक्याला लढण्याची खुमखुमी आहे, असे म्हणताना स्वरात थोडा उपहासच असतो.

भगवद्गीतेच्या पहिल्याच श्लोकात हा शब्द कौरव आणि पांडव या उभयतांना एकदमच लावलेला आहे. इच्छा दोन्हीकडे सारखीच होती. न्याय मात्र एका बाजूस होता. महाभारतात युयुत्सु नावाची व्यक्तीही आहे. धृतराष्ट्राला वैश्य स्त्रीपासून झालेला हा पुत्र. आपल्या पक्षास कोण येतो, असे युधिष्ठिराने रणभूमीवर विचारताच हा एकटा भावांची सेना सोडून पांडवांकडे गेला. युद्धातून तो जिवंत राहिला, आणि पुढे पांडव महाप्रस्थानास निघाले तेव्हा परीक्षितास गादीवर बसवून राज्याची देखरेख युधिष्ठिराने याच युयुत्सूवर सोपविली. त्याचे मोठेपण लढण्याच्या हौसेत नसून पक्ष निवडण्याच्या विवेकात आहे.

आता ‘लढाऊ’ या बिरुदाचा अलीकडचा इतिहास पाहू. १८५७ नंतर इंग्रजी लष्कराने हिंदुस्थानातील जातींची लढाऊ व बिनलढाऊ अशी वाटणी केली. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईत महार शिपाई इंग्रजांच्या पलटणीतून लढले होते. तरीही त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची भरती बंद करण्यात आली. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडताच १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, महार रेजिमेंट स्थापन झाली. या अवधीत कोणाचे रक्त बदलले होते काय? बदलली ती सरकारची गरज. जे बिरुद कचेरीतून मिळते आणि कचेरीच काढून घेते, त्यावर ज्ञातीने अभिमान उभारावा काय?

लढण्याची इच्छा आणि लढण्याचे बळ यांतील अंतर कुर्लेकरांस ग्रंथांतून शिकावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. कुर्ल्यास स्वदेशी मिल होती. गिरणीच्या पगारावर चालणारी घरे येथे घरोघर होती. पहिल्या दिवशी ईर्षेला तोटा नव्हता. परंतु पगार थांबून महिन्यांमागून महिने लोटले, तेव्हा ज्या माउलींनी उधारीवर चूल पेटती ठेवली आणि मुलांची शाळा सुटू दिली नाही, त्यांना कोणी लढाऊ म्हटले नाही. आमच्या मते त्या शब्दावर पहिला अधिकार त्यांचाच.

म्हणून तरुण बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच, की हे बिरुद मुखपृष्ठावर छापू नये. अन्यायापुढे उभे राहण्याचा प्रसंग आला असता आपली ज्ञाती कोणत्या पक्षास उभी राहिली आणि किती काळ टिकली, हे पुढील पिढीने पाहावे. व त्यानंतर तिला योग्य वाटेल ते विशेषण तिनेच आपल्याला द्यावे.