स्टेपनी : रस्त्याचे नाव आणि चाकाचे माप

एस. टी. घाट चढता चढता एका अंगाला कलते. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे पाहतो आणि कंडक्टरला हाक मारतो, "स्टेपनी काढावी लागणार!" उतारू झाडाची सावली धरतात. शब्दाचा अर्थ कोणी कोणाला विचारत नाही, पोराटोरांनाही तो ठाऊक असतो. गंमत अशी, की ज्या मुलखातून हा शब्द आला तिथे आज तो या अर्थाने कोणी वापरत नाही. आपण मात्र तो जपून ठेवला आहे.

मोटारीच्या आरंभीच्या काळात जादा चाक नावाची वस्तूच नव्हती. 1888 साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेचे टायर काढले, ते सायकलीसाठी. पुढे ते मोटारीला बसले आणि धक्के कमी झाले, पण त्याबरोबर पंक्चरचे दुखणेही आले. आपल्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, तिला खिळ्याची काय भीती? हवेच्या रबराला मात्र घोड्याच्या नालाचा एक खिळा पुरे, आणि त्या वेळचे रस्ते घोड्यांचेच होते. शिवाय मोटारीचे चाक लाकडी आऱ्यांचे. ते सहजासहजी काढण्याजोगे नसे. पंक्चर झाले की भर रस्त्यात पहारीसारख्या लोखंडी पट्ट्या घालून टायर उचकायचे, ट्यूब बाहेर ओढायची, ठिगळ लावायचे, पुन्हा सगळे बसवून हातपंपाने हवा भरायची. पावसात, अंधारात हे करणाऱ्याचे काय हाल होत असतील ते सांगायला नको.

यावर तोड काढली ती थॉमस मॉरिस डेव्हिस आणि त्याचा भाऊ वॉल्टर यांनी, 1904 साली. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर लानेली नावाचे गाव आहे, कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यासाठी एके काळी नावाजलेले. तिथल्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर त्यांचा उद्योग होता. लंडनमध्येही स्टेपनी नावाचा भाग आहे, त्यामुळे पुष्कळांची गल्लत होते. पण आपली स्टेपनी लानेलीची. रस्त्याचे नाव तिथल्या स्टेपनी घराण्यावरून पडले आणि चाकाचे नाव रस्त्यावरून.

कल्पना अगदी साधी होती. चाक निघत नाही ना? मग काढूच नका! डेव्हिसची स्टेपनी म्हणजे आरे नसलेली, तुंबा नसलेली नुसती लोखंडी कड, आणि तिच्यावर हवा भरून तयार असलेले टायर. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला ती कड लावायची, आकड्यांनी अडकवायची, मळसूत्र आवळायचे, की गाडी चालू. बसलेले टायर आत तसेच राही आणि भार स्टेपनी घेई. लंडनच्या टॅक्सींवर ती दिसू लागली, परदेशी एजन्सी निघाल्या. भारतात, माल्टात, ब्राझीलमध्ये तो शब्द राहिला. ब्राझीलचे लोक आजही जादा चाकाला 'एस्टेपे' म्हणतात.

पण जादा चाक घेताना एक प्रश्न तेव्हापासूनच उभा राहिला : ते कोणत्या मापाचे घ्यायचे? चारही चाके सारखी असली तर विचार करायला नको. नसली तर?

फोर्डची मॉडेल टी ही गाडी घ्या. 1908 साली ती बाजारात आली आणि 1927 पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या. बरीच वर्षे तिच्या नेहमीच्या चाकांवर पुढे 30 बाय 3 इंचाची टायरे असत आणि मागे 30 बाय साडेतीन इंचाची. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. 30 ही टायरची बाहेरून उंची, दुसरा आकडा जाडीचा. जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की पुढे उरतात 24 इंच, मागे 23. म्हणजे बाहेरून चारही चाके सारखी उंच दिसतात, पण मागचे टायर पुढच्या कडेवर बसायचे नाही आणि पुढचे मागच्यावर बसायचे नाही. '30' पाहून टायर विकत घेणारा फसलाच म्हणायचा, आणि ते कळायचे कुठे? गावापासून दहा कोस दूर!

मग जादा टायर एकच नेता येत असेल, तर कोणते? मला विचाराल तर मागचे. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर, ब्रेक मागच्या चाकांवर, सामानाचा भारही बहुतेक तिकडेच. झीज तिथे आधी होणार. पुढच्यासाठी ट्यूब आणि ठिगळाचे सामान असले तरी घरी पोहोचता येते.

आजही जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे लोक आहेत. मूळ मापाचे टायर मिळत नाही म्हणून एका चाकावर एक, दुसऱ्यावर दुसरे, अशी त्यांची तारांबळ असते. त्यांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. बैलगाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक जास्त अंतर चालते, आतले कमी. आसावर दोन्ही सुटी फिरतात म्हणून चालून जाते. मोटारीत एकच इंजिन दोन चाके फिरवते, म्हणून त्यांच्यामध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी असते. तिचे खरे काम वळणावर. त्या जोडीतले एक टायर उंच, दुसरे बुटके असले, तर सरळ रस्त्यावरही ती पेटी अखंड राबत राहते आणि झिजते. तेव्हा वेगळ्या उंचीचे जादा चाक इंजिन न फिरवणाऱ्या जोडीत लावावे आणि हळू, जवळच्या जागेपुरतेच चालवावे. मागचे पंक्चर झाले असेल, तर पुढचे चांगले चाक मागे न्यावे आणि जादा चाक पुढे लावावे. खटपट दुप्पट खरी! आणि हेही, पुढचे चाक मागच्या आसावर बसत असेल तरच.

फोर्डने 1919 पासून टायरसकट कड सुटी होणारी चाके देऊ केली. त्यांवर चारही टायरे साडेतीन इंचाची होती, म्हणजे एकच जादा टायर कुठेही चाले. तरी स्वस्त गाडीवर जुनी विजोड मापे 1925 पर्यंत टिकली. 1926 च्या गाड्यांना चारही चाके 21 इंचांची आली. तोवर डेव्हिस बंधूंच्या बिनआऱ्यांच्या कडेची गरजही सरत आली होती, कारण अख्खे चाकच नट सोडून काढता येऊ लागले होते. वस्तू गेली, नाव मात्र नव्या चाकाला चिकटले.