जुन्या बाजारपेठेचा कायापालट आणि पथविक्रेत्यांचे हक्क

बेळगाव शहराची निवड जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या 20 शहरांत झाली. शहरविकासाच्या अशा कामांत रस्ते, गटारी आणि पदपथ नवे होतात. मात्र खडेबाजार, गणपत गल्ली यांसारख्या जुन्या पेठांत रस्त्याकडेला बसणाऱ्या विक्रेत्यांचा प्रश्न वेगळा असतो: काम सुरू झाल्यावर आमच्या जागेचे काय? याचे उत्तर पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 मध्ये आहे.

तुम्हाला कोणते संरक्षण आहे?

• सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्व पात्र विक्रेत्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही.
• जागा बदलायची असल्यास 30 दिवसांची नोटीस आवश्यक आहे.
• माल जप्त केल्यास त्याची यादी तुम्हाला द्यावी लागते. मालावर दावा करून शुल्क भरल्यास नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळतो.
• नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. त्यांपैकी एक तृतीयांश महिला असतात.

50 वर्षे जुना बाजार

पथविक्रेते 50 वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत असलेला नैसर्गिक बाजार ‘वारसा बाजार’ म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांचे स्थलांतर करू नये, असे कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत म्हटले आहे. केवळ बाजार जुना असून भागत नाही, तशी घोषणा व्हावी लागते. त्यामुळे समितीकडे लेखी मागणी करा. सोबत जुन्या पावत्या आणि छायाचित्रे जोडा. बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरसारख्या नव्या वस्तीत ही तरतूद सहसा लागू होणार नाही, मात्र वरील इतर हक्क तेथेही तेच आहेत.

भांडवल हवे असल्यास

पीएम स्वनिधी योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते. ऑगस्ट 2025 मधील निर्णयानुसार योजनेची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत आहे.

• पहिला टप्पा: 15,000 रुपयांपर्यंत
• दुसरा टप्पा: 25,000 रुपयांपर्यंत
• तिसरा टप्पा: 50,000 रुपयांपर्यंत

वेळेवर फेड केल्यास 7 टक्के व्याज अनुदान मिळते. सर्वेक्षणात नाव नसेल तर महानगरपालिकेकडे शिफारसपत्रासाठी अर्ज करा.

काम सुरू होण्यापूर्वी हे करा

1. सर्वेक्षण यादीत आपले नाव आहे का, ते पाहा.
2. प्रमाणपत्राची छायांकित प्रत घरी ठेवा.
3. तोंडी सूचनेवर विसंबू नका, नोटीस लेखी मागा.
4. प्रत्येक अर्जाची पोचपावती घ्या.
5. दाद न मिळाल्यास तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करा.