सरकी, चिकन आणि नानकटाई

मागच्या शनिवारी घरी फ्राइड चिकन करायचा घाट घातला. अमेरिकन पद्धतीचं, ताकात मुरवून मैद्यात घोळवलेलं. बायको म्हणाली, "तू चिकन कर, मी इटालियन कुकीज करते." दोन्ही कृती अमेरिकेतल्या घरांमधल्या, आणि दोन्हींत एक जिन्नस सारखा: क्रिस्को. हे काय प्रकरण आहे म्हणून शोधायला बसलो आणि थेट आमच्या अकोल्यात येऊन पोचलो. कसा ते सांगतो.

क्रिस्को म्हणजे डालड्याचा अमेरिकन थोरला भाऊ. प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्या कंपनीने तो १९११ साली बाजारात आणला. आणि बनवला कशापासून? सरकीच्या तेलापासून! आपल्या ओळखीचीच ती, कापसाच्या बोंडातली सरकी.

हिशोब बघा. एक क्विंटल कापूस जिनात घातला की साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. अमेरिकेच्या दक्षिणेत ही सरकी कित्येक वर्षं जिनाबाहेर कुजत पडायची. कारण तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, कच्चं तेल काळपट आणि उग्र. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते शुद्ध करायची, वास काढायची तंत्रं आली. मग हायड्रोजन सोडून ते गोठवता यायला लागलं. कचऱ्याचं सोनं झालं! तोवर तिथलं चिकन डुकराच्या चरबीत तळलं जायचं. ते तळायचा हात बऱ्याच अंशी गुलामगिरीतल्या काळ्या बायकांचा, आणि मळ्यांत कापूस वेचायचा तोही त्याच लोकांनी. दक्षिण इटलीतून आलेल्या लोकांच्या कुकीजमध्येही चरबीच असायची, तिथेही पुढे क्रिस्को शिरलं.

आता वऱ्हाड. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्या आपल्याकडे बघायला लागल्या. १८६७ पर्यंत अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. रुईच्या गाठी मुंबईमार्गे विलायतेला गेल्या.

आणि सरकी?

आजीला फोन लावला. म्हटलं, आजी, तुम्ही सरकीच्या तेलात तळायच्या का गं? आजी खो खो हसली. "काऊन रे बावा? सरकी त ढोरायले घालतेत, माणसायले नाई!"

इथे माझी ट्यूब पेटली :-) गाय-म्हैस रवंथ करते, त्यामुळे बेताने दिलेली सरकी तिला पचते. माणसाला आणि कोंबडीला तसली सोय नाही. म्हणजे अमेरिकेने जे काम कारखान्याकडून करवून घेतलं, ते आमच्या गोठ्यात म्हैस करत होती. सरकी खाल्ली की दूध दाट, दूध दाट की तूप जास्त. दिवाळीत तेच तूप, मैदा आणि पिठीसाखर डब्यात घालून आई गल्लीतल्या बेकरीत जायची आणि नानकटाई भाजून आणायची. आमची कुकीही शेवटी सरकीचीच निघाली!

पुढे १९३७ मध्ये डालडा आला आणि स्वस्त म्हणून नानकटाईत शिरला. असल्या गोठवलेल्या तेलातल्या ट्रान्स फॅटने हृदयाचं नुकसान होतं हे फार उशिरा कळलं. २०२२ पासून भारतात खाद्यतेलात त्याची मर्यादा २ टक्के आहे. आता क्रिस्कोही बदललंय, सरकीऐवजी मुख्यतः सोयाबीन आणि पामचं असतं.

हे सगळं गमतीचं, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. शेतकऱ्याच्या कापसाचा भाव नुसत्या रुईवर ठरत नाही, सरकीचा भावही त्यात असतो. भारत निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात पाम सर्वात जास्त. पाम स्वस्त झालं की बाकी तेलांवर दाब येतो, सरकीवरही येतो, आणि तो जाऊन पोचतो अमरावती-अकोल्याच्या बाजार समितीत उभ्या असलेल्या गाडीपर्यंत. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत आपण ज्या जिल्ह्यांची नावं वर्षानुवर्षं वाचतो, तेच हे जिल्हे. पुण्यात बसून कढईत कुठलं तेल ओततो, याचा तिकडे संबंध असेल असं मला आजवर वाटलंच नव्हतं.

असो. चिकन शेवटी शेंगदाणा तेलात तळलं, बरं झालं होतं. कुकीज मात्र बायकोने आजीने पाठवलेल्या तुपात केल्या. चव? थेट नानकटाईची!